कॅमेऱ्यातला एचडीआर : सोय की सावलीची चोरी?

चाटीगल्लीकर :
रविवारी पहाटे सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावावर गेलो होतो. सूर्य समोर, देऊळ मध्ये. माझ्या फोटोत देऊळ काळंभोर आणि मागं केशरी आकाश. शेजारी उभ्या मित्रानं कॅमेऱ्यातला एचडीआर (उजेड आणि सावली दोन्हीतलं दाखवणारी सोय) लावून तोच फोटो काढला. त्यात शिखराची नक्षी दिसते, पाणी दिसतं, आकाशही दिसतं. ग्रुपवर सगळे त्याच्याच फोटोवर फिदा. (जळजळ झाली, कबूल.)

पण तो फोटो सकाळी सहाचा वाटतो का? कॅमेरा झटपट दोन-तीन फोटो घेतो, एक अंधारा, एक उजेडाचा. मग आतल्या आत जोडतो आणि एक जेपीईजी, म्हणजे तयार फोटो, हातात ठेवतो. सावली किती ठेवायची हे मी ठरवायचं की कॅमेऱ्यातल्या चिपनं? माझं मत सरळ आहे : हे बटण कायमचं बंद ठेवा.

होटगीरोड :
दादा, तुम्ही तिथं उभे होता तेव्हा देऊळ काळंभोर दिसत होतं का? नाही ना. डोळा सावलीकडे वळला की तिथलं बघतो, आकाशाकडे वळला की तिथलं. आजचा चांगला सेन्सर कमी आयएसओला (उजेडाची संवेदनशीलता कमी ठेवली तर) साधारण 12 ते 14 स्टॉप पकडतो, आणि प्रत्येक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. साध्या जेपीईजीत त्यातलं बरंच कापलं जातं. म्हणजे तुमचा काळा आकारसुद्धा यंत्राचीच करामत. तुम्हाला आवडणारी, एवढाच फरक.

स्टुडिओवाले काका :
पोरांनो, हे भांडण माझ्या जन्माच्याही आधीचं आहे. फ्रान्सात गुस्ताव ल ग्रे 1850 च्या दशकात समुद्राची एक निगेटिव्ह आणि आकाशाची दुसरी जोडून प्रिंट काढायचा, कारण तेव्हाच्या काचेवर दोन्ही एकदम येतच नव्हतं. आम्हीही डार्करूममध्ये एन्लार्जरखाली (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली) हात हलवून नवरीच्या चेहऱ्यावरचा काळोख कमी करायचो. कुणी आम्हाला चोर म्हटलं नाही, उलट पुढच्या लग्नाची ऑर्डर दिली.

फक्त एक आहे. हात माझा होता. किती सेकंद थांबायचं ते मला कळायचं. कॅमेऱ्यातला एचडीआर जोरात लावला की शिखराभोवती पांढुरकी प्रभावळ येते. देवाला शोभते म्हणून चालवून घ्यायची का?

गड्ड्यातला_फोटोवाला :
काका बरोबर बोलले, पण खरी अडचण हलणाऱ्या गोष्टींची आहे. संक्रांतीला नंदीध्वज निघाले, दुपारचं ऊन, सगळी पांढरी बाराबंदी. म्हटलं एचडीआर लावू, पांढरं फाटणार नाही, म्हणजे घड्या न दिसता नुसतं पांढरं होणार नाही. घरी येऊन बघतो तर नंदीध्वज एक, त्याची टोकं दोन. एका मानकऱ्याला तीन हात! दोन फोटोंच्या मधल्या वेळात गर्दी सरकली, कॅमेऱ्याला काय कळणार? तेव्हापासून मिरवणुकीत बंद. तलाव, किल्ल्याचा दरवाजा, दुकानातल्या चादरीच्या घड्या, असं न हलणारं असेल तर खुशाल लावा.

आणि लोक हमखास गोंधळतात : निकॉनचं अॅक्टिव्ह डी-लायटिंग, कॅननचं ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर, सोनीचं डीआरओ हे एचडीआर नव्हे. ते एकाच फोटोतली सावली उचलतात, त्यामुळे अशी भुतं (दुहेरी आकार) येत नाहीत. सावलीत दाणे (ठिपके) मात्र दिसू शकतात.

चाटीगल्लीकर :
@होटगीरोड, डोळ्याचा मुद्दा मान्य. तरी माझं म्हणणं राहतंच. डोळा एका वेळी एकीकडेच बघतो. सगळीकडे सारखंच दाखवलं तर बघणाऱ्यानं थांबायचं कुठं? शिवाय बऱ्याच निकॉनवर एचडीआर लावायला रॉ (सेन्सरनं टिपलेली कच्ची फाइल) बंद करावं लागतं. पुढे मत बदललं तर परतीची वाटच नाही.

होटगीरोड :
सगळ्या कॅमेऱ्यांचं तसं नाही. पेंटॅक्स के-7 ला 2009 मध्येच ही सोय आली, आणि 2012 च्या कॅनन 5डी मार्क 3 ला जोडलेल्या फोटोसोबत मूळ तिन्ही फोटो ठेवता येतात, रॉमध्येसुद्धा. बटणाला शिव्या घालण्याआधी मेनू तरी उघडा की!

तो_शेजारचा_मित्र :
का बे, माझ्या फोटोवर धागा काढलास आणि मला सांगितलंही नाहीस? घरी आईचे गुडघे दुखायलेत, वर्षभर देवळात जाणं झालं नाही. फोटोत शिखर स्वच्छ दिसलं म्हणून तिनं मोबाईल कपाळाला लावला. तुझा काळा फोटो पण दाखवला होता. म्हणाली, "लाईट गेली होती का?"

चाटीगल्लीकर :
काकूंपुढे मी काय बोलणार बे. त्यांच्यासाठी लाव एचडीआर. माझा काळाच राहू दे. येत्या रविवारी किल्ल्याच्या दरवाजात उभे राहू, आतून बाहेर बघत, एकाच जागेवरून दोन्ही काढू. ट्रायपॉड तू आण, माझ्याचा एक पाय निखळलाय.

स्टुडिओवाले काका :
माझ्याकडे लाकडी आहे, जड आहे. न्यायला दोघे या.