मॉलचं व्हाउचर, आखाजीच्या आत

चौधरी काकू (बी-२०३): आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी येतील म्हणून काल मॉलला गेले होते. मन खट्टू झालं. उघडला तेव्हा पाचोरा-भुसावळची माणसं नुसती बघायला यायची. आता सरकता जिना बंद, एसी बंद, सगळ्या काउंटरवर मिळून एकच पोरगा. चादरी विचारल्या तर म्हणे पुढच्या आठवड्यात या.

कोल्हे भाऊ (ए-१०१): काकू, तो पुढचा आठवडा दिवाळीपासून चालू आहे 😄

पाटील सर (सी-३०४): फळीवर हात घालून बघा. पुढे एक ओळ मांडलेली, मागे मोकळं. असल्या दुकानांत माल उधारीवर येतो. व्यापाऱ्यांचे पैसे थकले की ते माल सोडत नाहीत.

कोल्हे भाऊ: ऑनलाइनने मारलं भो सगळ्यांना.

पाटील सर: मग डी-मार्ट कसं चालतं? त्यांच्या बहुतेक जागा स्वतःच्या, आणि मालाचे पैसे लवकर देतात. बिग बझार २००१ चं, केवढं नाव! कर्ज वाढलं, त्यात कोविड. ऑगस्ट २०२० मध्ये मालक फ्यूचर ग्रुपने बिग बझारसकट दुकानांचा धंदा रिलायन्सला २४,७१३ कोटींना विकायचं ठरवलं, अ‍ॅमेझॉनने अडवलं. जागांचे भाडेकरार रिलायन्सच्या नावावर गेलेले; २०२२ च्या फेब्रुवारीत भाडं थकलं म्हणून त्यांनी दुकानंच ताब्यात घ्यायला सुरुवात केली. जुलैत दिवाळखोरीची प्रक्रिया.

चौधरी काकू: सर, ते असू द्या. मुलाने पुण्याहून दोन हजारांचं व्हाउचर पाठवलंय. पोरगा म्हणे मशीन चालत नाही.

पाटील सर: तसं त्याच्याकडून लिहून घ्या, नाहीतर मॅनेजरला गाठा. पण आखाजीच्या आत संपवा. कंपनी बुडाली की आधी तारणवाल्या बँका, व्हाउचरवाले पार मागे.

महाजन वहिनी (बी-४०२): काउंटरवरच्या पोरांना बोलू नका हो. आमची भाची तिथेच आहे, पगार थकलाय तिचा. वरून गिऱ्हाइकांच्या शिव्या.

चौधरी काकू: नाही गं, त्याला काय बोलणार. त्यानेच पिशवी उचलून रिक्षापर्यंत आणून दिली.

कोल्हे भाऊ: आमची इस्त्री आठ दिवसांत गेली. म्हणे सेलचा माल परत नाही.

पाटील सर: खराब निघाली तर सेल-बिल काही नाही. २०१९ चा ग्राहक कायदा आहे. बिलावर मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला हवी. बिल ठेवलंय ना? १९१५ ला फोन लावा, ग्राहक हेल्पलाइन आहे. दुकान उघडं आहे तोवरच.

कोल्हे भाऊ: बिल हिच्याकडे. विचारतो. (विचारायची हिंमत झाली की.)

चौधरी काकू: पण व्हाउचरवर घेऊ काय? धड माल म्हणजे फक्त प्लास्टिकच्या बादल्या. दोन हजारांच्या बादल्या काय करू?

कोल्हे भाऊ: आमरस किती करताय त्यावर आहे 😄

महाजन वहिनी: दोन मला द्या काकू, पैसे देते. शुक्रवारपर्यंत नळाला पाणी नाही.