तुरीच्या नुकसानीचा अर्ज: ‘पुष्टी’ लिहू, ‘दुजोरा’ की ‘पुरावा’?

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ): नाल्याचं पाणी शिरून तूर उबळली. तलाठ्याकडे अर्ज देतो आहे. "फोटो व सातबारा नुकसानीला दुजोरा देतात, शेजाऱ्यांनी पुष्टी केली" असं लिहिलं तर चालते का?

उत्तर: भाऊ, दुजोरा म्हणजे तुमचीच गोष्ट दुसऱ्यानं खरी म्हणणं. तो शेजाऱ्याचा. त्याच्याकडून सहीनिशी लिहून घ्या, तोंडी बोलणं कागदावर टिकत नाही. फोटो हा पुरावा. सातबाऱ्याचं मात्र नीट लिहा. त्यावरची ई-पीक पाहणीची, म्हणजे वावरात कोणतं पीक पेरलं याची, नोंद 2021 पासून आपणच मोबाईलवर करतो. त्या नोंदीवरून तूर पेरली होती एवढंच सिद्ध होते, बुडाली हे नाही. पेरणी अन् नुकसान दोन्ही एका वाक्यात कोंबले की अर्ज कच्चा पडते. नुकसानीसाठी पंचनामाच मागा, अन् पंच वावरात येऊन पाहतील असा आग्रह धरा. आमच्याकडे किती जणांचं खरं नुकसान कागदाअभावी राहून गेलं, जीव तुटते.

दुसरं उत्तर: शेवटी "पुष्ट्यर्थ कागदपत्रे सोबत जोडली आहेत" लिहा, सरकारी मराठीत हेच चालते. पोच घ्याच.

प्रश्नकर्ता: शेजारचे काका सही द्यायला तयार आहेत. उद्याच जातो.