शब्दचर्चा : घड्याळांच्या संदर्भात 'कॅलिब्रेशन'

प्रश्न
दूरदूरच्या प्रयोगशाळांमधली अणुघड्याळं जीपीएसच्या साहाय्याने एकमेकांशी कशी ताडून पाहतात, यावरच्या लेखाचा अनुवाद करतेय. त्यासाठीच्या जीपीएस रिसीव्हरच्या 'कॅलिब्रेशन'साठी (म्हणजे तो किती चुकतो ते मोजण्यासाठी) मी 'अंशांकन' लिहिलं. मैत्रिणीने वाचून विचारलं, "रिसीव्हरवर अंश कुठे असतात?" 'प्रमाणीकरण' किंवा 'पडताळणी' चालेल का?

प्रतिसाद
'प्रमाणीकरण' नको, सगळ्यांसाठी एकच माप ठरवणं, या अर्थाने तो रुळलाय. 'पडताळणी'ही अपुरा. दुकानातल्या काट्याची पडताळणी होऊन मुद्रांकन होतं, म्हणजे काटा चालेल की नाही ते ठरतं. किती चुकतो, तो आकडा हाती येत नाही.

प्रतिसाद
ताई, इथे सगळं त्या आकड्यासाठीच चाललेलं असतं. दोन प्रयोगशाळा एकाच वेळी एकच उपग्रह पाहतात आणि आपापल्या नोंदींची वजाबाकी करतात. उपग्रहाच्या घड्याळाची चूक दोन्हीकडे सारखीच, म्हणून ती उडून जाते. अँटेना, केबल आणि रिसीव्हर यांत सिग्नलला लागणारा वेळ मात्र दोन्हीकडे वेगळा, तो उडत नाही. नुसत्या केबलमध्येच मीटरमागे ४ ते ५ नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) जातात. गच्चीवरच्या अँटेनापासून ५० मीटर केबल खाली आणली की झाले दोनशेच्या वर, आणि तुलना हवी असते एक-दोन नॅनोसेकंदांपर्यंतची!

म्हणून एक फिरता रिसीव्हर नेतात. तो पहिल्या प्रयोगशाळेत तिथल्या रिसीव्हरशेजारी, त्याच घड्याळाला जोडून काही दिवस ठेवतात आणि फरक नोंदवतात. मग दुसऱ्या प्रयोगशाळेत तसंच. शेवटी परत पहिल्या ठिकाणी आणतात, कारण प्रवासात तो स्वतःच बदलला असेल तर सगळंच वाया.

याला आपल्याकडे नेमका शब्द आहे : पासंग. तराजूची पारडी सारखी नसली की वाणी आधी पासंग काढतो, मग माल तोलतो. रिसीव्हरचा विलंब हा त्याचा पासंगच. रिसीव्हर उघडून दुरुस्त करत नाहीत, आकडा हिशेबात धरतात. गंमत म्हणजे जगाची प्रमाणवेळ ठरवणारी पॅरिसजवळची संस्थाही मुळात वजन-मापांचीच.

प्रतिसाद
पासंग फार आवडला. पण तो एकदा काढला की संपलं असं नाही. २०११ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेहून ७३० किलोमीटरवरच्या, इटलीतल्या ग्रान सास्सो प्रयोगशाळेला न्यूट्रिनो (अतिसूक्ष्म कण) प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याची बातमी आली होती. जीपीएसचा दुवा नीट तपासलेला होता, पण तिथून प्रयोगाच्या मुख्य घड्याळाकडे जाणाऱ्या फायबरचा जोड सैल निघाला. त्यामुळे घड्याळाला वेळ उशिरा कळायची, ते मागे राहायचं आणि न्यूट्रिनो लवकर आल्यासारखे दिसायचे. अनुवादात 'वेळोवेळी' हा शब्द गाळू नका.

प्रश्नकर्ती
मग पारिभाषिक शब्द म्हणून 'अंशशोधन' ठेवते. 'अंकन'मध्ये खुणा करणं आहे, 'शोधन'मध्ये निदान चूक हुडकणं तरी आहे. आणि पहिल्यांदा येईल तिथे असं लिहिते : 'रिसीव्हरचं अंशशोधन, म्हणजे त्याचा पासंग वेळोवेळी काढणं.' दादा, 'विलंब काढणे' लिहिणार होते. पण त्याने उशीरच नाहीसा केल्यासारखं वाटतं, म्हणून 'विलंब मोजणे' केलंय.