मैदानावर फ्रेंच हॉर्न का नसतो
अमेरिकन कॉलेजांच्या मार्चिंग बँडमध्ये, म्हणजे चालत वाजवणाऱ्या बँडमध्ये, फ्रेंच हॉर्न हे गोल वळणांचं पितळी फुंकवाद्य का दिसत नाही असं विचाराल, तर त्याचं तोंड मागे वळलेलं असतं, सूर प्रेक्षकांऐवजी मागच्यांच्या कानात जातो, म्हणून त्याच्यासारखाच पण समोर तोंड असलेला मेलोफोन घेतात. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या बँडने तर १९३४ पासून क्लॅरिनेट, सॅक्सोफोन सगळं काढून फक्त ब्रास (पितळी फुंकवाद्यं) आणि ड्रम्स ठेवलेत, आणि वर तो मिलिटरी थाटाचा नेव्ही ब्लू युनिफॉर्म, छातीवर पांढरे क्रॉस पट्टे! मैदानावर चालत चालत इंग्रजीत ‘Ohio’ अक्षरं काढतात आणि शेवटी ‘i’वरचं टिंब व्हायला सुझाफोनवाला (अंगाभोवती गुंडाळून खांद्यावर घ्यायचं मोठं खर्जाचं फुंकवाद्य वाजवणारा) ऐटीत पुढे येऊन दोन्हीकडे कमरेत वाकतो, अंगावर काटा येतो राव. फायबरग्लासचा सुझाफोन खांद्याला हलका पडतो हे मान्य, पण पितळेचा भरीव खर्ज त्यात नाही, माझं मत पितळेलाच.