मदत हवी आहे: ल्युपसमध्ये भास, विसराळूपणा. आजारामुळे की स्टिरॉईडमुळे?

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या जावेला (वय २९, आम्ही मुलुंडला राहतो) ल्युपस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार. आतापर्यंत सांधेदुखी, गालांवरचे चट्टे, थकवा एवढ्यावर निभावत होतं. मध्यंतरी लघवीत प्रोटीन निघालं म्हणून स्टिरॉईडचा डोस बराच वाढवला आणि तिची झोपच उडाली. मध्यरात्री उठून ओटा घासत बसते. परवा कुकरची शिट्टी होईना म्हणून उघडून पाहिलं, तर आत नुसते तांदूळ, पाण्याचा थेंब नाही. शेजारचे भिंतीपलीकडून आपल्याबद्दल बोलतात, हे तर ती इतक्या शांतपणे सांगते की ऐकणाऱ्याला खरंच वाटावं.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणतात, स्टिरॉईडमुळे असेल, डोस उतरवला की थांबेल. संधिवाताचे डॉक्टर म्हणतात, ल्युपस मेंदूपर्यंत गेला असेल तर स्टिरॉईड वाढवावं लागेल. आता ऐकायचं कुणाचं? मला आठवतंय, विसराळूपणा डोस वाढवण्याच्या आधीपासून होता. एमआरआय नॉर्मल आहे. पाठीतलं पाणी (मेंदू-मणक्याभोवतीचा द्रव) काढून तपासायचं म्हणतात, पण सासूबाई ऐकत नाहीत. त्यांच्या मते हे 'बाहेरचं' आहे. दृष्ट काढून झाली, आता कुणा बाबांकडे न्यायचं चाललंय. (त्यावर मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.)

एमआरआय नॉर्मल असूनही मेंदूचा ल्युपस निघालेलं कुणी आहे का?

प्रतिसाद
हो, माझी बहीण. एमआरआय नॉर्मल आला म्हणून मेंदूचा ल्युपस नाही असं होत नाही. सी३, सी४, अँटी-डीएसडीएनए आणि फॉस्फोलिपिड अँटिबॉडी या ल्युपससाठीच्या रक्ततपासण्या झाल्यात का विचारा. पाण्याची तपासणी टाळू नका. मेंदूत टीबी किंवा दुसरा जंतुसंसर्ग असेल तर तेही असंच दिसू शकतं, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वाढवण्याआधी ते कळायलाच हवं. सासूबाईंना हेच कारण सांगा. डोस वाढवल्याची तारीख आणि प्रत्येक लक्षण कधी सुरू झालं ते एका कागदावर लिहा आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा, तुम्ही मध्ये निरोप्या होऊ नका. स्टिरॉईड मात्र मनाने बंद करू नका, अचानक थांबवलं तर जिवावर बेतू शकतं. फिट आली, बोलणं अडखळलं किंवा जीव द्यायची भाषा केली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टीत न्या.

धागाकर्ती
खूप आभार. तारखा आजच लिहून काढते. पाणी काढल्यावर ॲडमिट ठेवतात की त्याच दिवशी घरी सोडतात? दिराला रजा टाकायची आहे.