स्किड प्लेट: आत साचणाऱ्या चिखलाचं काय?
इंजिनाला खालनं दगड लागू नये म्हणून गाडीच्या पोटाखाली बसवायची ही स्किड प्लेट ॲल्युमिनियमची करायची की लोखंडाची, यावरच इथं सगळी चर्चा चाललीय, आणि ६ मिमी ॲल्युमिनियम ३ मिमी लोखंडापेक्षा हलकं पडतं हे खरंच आहे (चौरस मीटरला साधारण १६ किलो, लोखंड साडेतेवीस), पण प्लेटीला भोकं कुठं ठेवायची ते कुणीच विचारलं नाही की. मी फॉर्च्युनरला बेळगावच्या उद्यमबागेत ३ मिमीची प्लेट करून घेतली, पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडं चारपाच फेऱ्या झाल्या आणि सर्व्हिसला प्लेट उतरवली तर आत तांबड्या चिखलाचा बोटभर थर, वाळून विटेसारखा घट्ट, त्यात पानं अडकलेली, आणि बोल्ट असे गंजून बसलेले की त्यातले दोन ग्राइंडरनं कापावे लागले.

म्हणून सांगतो, इंजिन ऑइल काढायच्या ड्रेन बोल्टखाली हात जाईल एवढं भोक आणि मागच्या कडेला पाणी निघायला खाचा आधीच पाडून घ्या, बोल्टना अँटीसीझ (गंजून अडकू नयेत म्हणून लावायचं वंगण) लावा. प्लेट चासीच्या क्रॉसमेंबरलाच (सांगाड्याच्या आडव्या दांड्याला) धरलेली पाहिजे, बंपरच्या पत्र्याला नको. आणि घाटातनं आल्यावर त्या खाचांतनं प्रेशरनं पाणी मारायचंच, वाळली पानं सायलेन्सरच्या पाइपाजवळ राहिली तर पेट घ्यायची भीती असते.