'रूढी' हा शब्द कुठून आला?

प्रश्न
'रूढी' म्हटलं की जुनाट, जाचक असंच काहीतरी डोळ्यांपुढे येतं. पण 'हा शब्द आता रूढ झालाय' म्हणताना त्यात वाईट काहीच नसतं. मूळ अर्थ कोणता? 'आरूढ'शी नातं आहे का? आणि रु ऱ्हस्व की दीर्घ? दोन्ही छापलेलं दिसतं.

प्रतिसाद १
नातं सख्खं आहे. धातू रुह्: उगवणं, वाढणं, वर चढणं. आरोह-अवरोह त्यातलेच. प्रयोजक रूपापासून रोपण, आणि आपलं रोवणंही. रूढ म्हणजे उगवून मूळ धरलेलं. संस्कृतात भरून आलेल्या जखमेलाही रूढ म्हणतात. म्हणजे रूढी ही कुणी बसून ठरवलेली नव्हे, वाढत गेलेली समजूत. जाच हा नंतर चिकटलेला अर्थ.

रू दीर्घच. रुह् ला 'त' प्रत्यय लागला की ह् चा ढ् होतो, त चा आधी ध आणि मग ढ. दोन ढ शेजारी आले की पहिला गळतो आणि त्याची भरपाई म्हणून मागचा उ दीर्घ होतो. मुह् चं मूढ, गुह् चं गूढ हे असंच. 'गुढ' खटकतं ना? 'रुढी' तितकंच चूक.

प्रतिसाद २
शब्दशास्त्रातली रूढी इथे फार उपयोगी पडते. 'पाचक'चा अर्थ फोड केली की लागतो, तो यौगिक. 'पंकज' योगरूढ: चिखलात जन्मलेलं हे खरं, पण चिखलातल्या शेवाळाला कुणी पंकज म्हणत नाही. आणि 'कुशल'ची फोड 'कुश म्हणजे दर्भ आणणारा'. ती आज कुणाच्या मनातही येत नाही, उरलाय तो फक्त 'निपुण'. 'योगाद्रूढिर्बलीयसी', फोडीपेक्षा रूढी बलवान. समजुतींचंही नेमकं हेच होतं. मूळ कारण गळून जातं, वापर तेवढा टिकतो.

प्रतिसाद ३
परंपरेशी गल्लत नको. परंपरा म्हणजे एकामागून एक, तिथे देणारा आणि घेणारा लागतो. म्हणून गुरुपरंपरा असते, गुरुरूढी नसते.

कायद्यातही रूढीला व्याख्या आहे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५, कलम ३: ती दीर्घकाळ, अखंड आणि एकसारखी पाळलेली हवी, शिवाय निश्चित हवी, गैरवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध नको.

प्रश्नकर्ता
आभार. मग 'रूढीवादी' बरोबर ना?

प्रतिसाद १
नाही, 'रूढिवादी'. एकटा शब्द 'रूढी', पण समासात पहिला आला की ढि ऱ्हस्व: रूढिप्रिय, रूढिभंजक. 'लोकरूढी'त तो शेवटी आहे, म्हणून दीर्घ.